आधी नळी, मग कौतुक

४ फेब्रुवारी

चिरंजीव,

तू कचेरीच्या जिन्यात भोवळ येऊन खाली बसलास आणि दोघांनी काखेत हात घालून तुला वर नेलं, हे तुझ्या खोलीवरच्या मित्राने काल फोन करून सांगितलं. म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं. तू घरातून गेल्यापासून आधी कोण बोलतं यावर आपली चुरस चालली होती. ती तू जिंकलास. शाबास. आता पुढचं नीट वाच.

मित्रावर डाफरू नकोस. त्याने शहाणपणा केला. मी त्याला विचारलं, "कान वाहतो का रे त्याचा?" तर म्हणाला, "वाहतो ना काकू. उशीच्या अभ्र्याला डाग असतात. वासही येतो. पण तो म्हणतो सर्दी आहे." सर्दी! जिची उभी हयात कान-नाक-घशाच्या इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली, तिचा मुलगा वाहत्या कानाला सर्दी म्हणतो. हसावं की तुझा दुसरा कान पिरगाळावा, मला कळेना.

फोन करत नाही, कारण मागच्या दोन्ही वेळी तू "आवाज येत नाही" म्हणून ठेवून दिलास. त्याच कानाला लावला असशील तर ते खरंही असेल. कागद तसा ठेवून देता येत नाही. टेबलावर पडून राहतो आणि जाता-येता दिसतो.

तुझ्या कानात काय होतं ते तुला लहानपणी सांगितलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष गोळीच्या कागदाकडे होतं. पडद्यामागे, मधल्या कानात, जिथे कातडी असायला नको तिथे ती शिरते आणि वाढत राहते. कातडी साधीच असते. हाताच्या पाठीवर असती तर कुणी नावं ठेवली नसती. आत मात्र ती साचते, कुजते आणि शेजारचं हाड खाते. आधी ऐकू येण्याची बारकी हाडं, मग तोल सांभाळणारी नळी, मग चेहऱ्याची नस, आणि त्याच्या वर मेंदू. आमच्या इस्पितळाच्या सर्जननी, म्हणजे सरांनी, तुझा कान तेव्हा साफ केला होता. तुझं नाव 'नळोबा' त्यांनीच ठेवलं. "सिस्टर, नळोबा आज गळतोय की कोरडा?" असं रोज विचारायचे. ही कातडी परत येते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

वाहणारा कान आणि भोवळ, दोन्ही एकत्र आली की थांबायचं नसतं. उद्या तिथल्या कानाच्या डॉक्टरकडे जा. तो कानासमोरचा उंचवटा दाबेल. खोली फिरल्यासारखी वाटली तर लाजू नकोस, मोठ्याने सांग. तू दुखणं लपवण्यात पटाईत आहेस. ते तुझ्या बाबांकडून आलं.

हे पत्र लिहिल्याचं सूनबाईला माहीत नाही. तिचा विषय मी इथे काढणारही नाही.

आई

ता. क. ती बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी.


१३ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझा निरोप मोबाइलवर आला. पत्राला निरोप! असो. "डॉक्टरकडे गेलो. खोली फिरली. ऑपरेशन लागेल म्हणतात. तुमच्या इस्पितळात येणार नाही. तिच्या हातात माझा कान द्यायचा नाही."

पहिल्या तीन वाक्यांना पैकीच्या पैकी. उरलेल्या दोनांबद्दल बोलू.

तिच्या हातात कान कोण देतंय? ती चाकू धरत नाही. तिची प्रयोगशाळा तळमजल्यावर, शस्त्रक्रियेची खोली वरच्या मजल्यावर. एकदा उघडलेला कान पुन्हा उघडायचा तर खुणा पुसलेल्या असतात. तोल सांभाळणारी नळी उघडी पडली असेल, तर तिच्यावरची कातडी सोलायला सरांइतका स्थिर हात मी दुसरा पाहिलेला नाही. आणि मी बरेच हात पाहिलेत. त्यातले काही बघून मी देवाचं नाव घेतलंय.

मला माहीत आहे तुझं दुखणं कुठे आहे. ते कानात नाही. ज्या दिवशी तू बॅग भरलीस, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि माझे दोन्ही कान शाबूत आहेत. तुझी बदली झाली होती, तिने तुझ्याबरोबर यावं असं तुला वाटत होतं, आणि तिचं काम नुकतं उभं राहत होतं. इथवर दोघांचंही बरोबर होतं. मग तू म्हणालास, "तुला नवरा नकोच आहे. नमुना हवाय. माझा कान सडका निघाला नसता तर तू माझ्याकडे बघितलंही नसतंस." आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "तूही सूनच ठेवून घे." तिने उत्तर दिलं नाही. तू त्याचा अर्थ 'हो' असा घेतलास.

मग तू गेलास आणि ती राहिली. मी तिला म्हटलं होतं, "अगं, तू माहेरी जायची असशील तर मी अडवणार नाही." ती म्हणाली, "आई, माझं कपाट इथे आहे." एवढंच. तेव्हापासून घरात आम्ही दोघी. दोघींनाही कमी बोलायची सवय, त्यामुळे घर शांत असतं. रविवारी ती पंखे पुसते. मी न सांगता.

आता तिचं काम काय आहे ते तू कधी नीट ऐकलं नाहीस, म्हणून सांगते. मी कॉलेजात होते तेव्हा जनुकं म्हणजे वाटाण्याची झाडं उंच का आणि बुटकी का, एवढंच होतं. त्यामुळे मलाही तिच्याकडून पुन्हा शिकावं लागलं. माणसाच्या कानातली कातडी आणि त्याच कानामागची कातडी, दोन्हींत जनुकं तीच. फरक इतकाच की कुठे कुठलं जनुक हुकूम सोडतंय आणि कुठलं गप्प बसलंय. हुकूम सुटला की पेशीत त्याच्या चिठ्ठ्या निघतात. ती त्या चिठ्ठ्या मोजते. एकाच माणसाचे दोन तुकडे घ्यायचे, एक आजारी आणि एक निरोगी, आणि बघायचं की आतल्या कातडीत असा कोणता आवाज चढलाय की तिला थांबायचं कळत नाही. तो आवाज सापडला, तर उद्या कुणीतरी त्यावर थेंब बनवेल आणि पोरांचे कान पुन्हा पुन्हा फोडावे लागणार नाहीत.

तुझ्यासारख्या पोरांचे. हे ती म्हणत नाही. मी म्हणते.

सरांची तारीख धरू का? हो की नाही एवढंच कळव. मोबाइलवर चालेल.

आई


२४ फेब्रुवारी

चिरंजीव,

"विचार करतो" हे उत्तर नाही. कानातली कातडी विचार करत बसलेली नाही. पण तुझ्या निरोपातली पुढची ओळ वाचून मला लिहावंसं वाटलं. "तिच्या त्या शोधाचं पुढे काय झालं? छापून येणार होता ना? की तेही अर्धवट?"

'तेही' हा शब्द तुला शोभत नाही. उत्तर देते.

तू गेल्यानंतर सहा-सात महिन्यांनी तिला एक जनुक सापडलं. आजारी तुकड्यांत त्याचा आवाज चढलेला, शेजारच्या निरोगी कातडीत शांत. जवळजवळ प्रत्येक माणसात हेच. सगळं इस्पितळ तिच्याकडे माना वळवून बघायला लागलं. सर तर जिन्यातच गाठायचे, "काय मॅडम, आमच्या मोत्यांनी नाव काढलं की नाही?" लेख लिहून झाला, छापायला गेला. त्या दिवशी ती घरी आली आणि गुणगुणत चपला काढल्या. मी टोकलं नाही.

मग एकदा तिची मदतनीस रजेवर होती म्हणून तुकडे घ्यायला ती स्वतः वर गेली. तिथलं मला माझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टरने सांगितलं. तुला आठवत असेल, या आजाराचा तुकडा निघतो तो पांढरा, गोल, चकचकीत, मोत्यासारखा असतो. सरांचं त्याच्यावर फार प्रेम. अख्खा, न फुटता निघाला की त्यांना राहवत नाही. त्या दिवशीही त्यांनी कानामागच्या कातडीची पट्टी काढून दिली, ती लगेच नमुन्याच्या नळीत गेली. मग मोती निघाला. सरांनी चिमट्यात धरून दिव्याखाली नेला. "या, या, पुढे या. लाजता काय? असा मोती वर्षातून एकदा दिसतो." दर आठवड्याला हेच म्हणतात. विद्यार्थी गोळा झाले. एकाने शंका विचारली. सरांनी दुसरीच शंका सोडवली. मग मोती जाळीच्या कापडावर ठेवला गेला आणि सरांनी आपल्या गुरूंची गोष्ट सांगितली. मी हे सारं आयुष्यभर पाहिलं आहे आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. नळी घेतली, खाली गेली.

त्या चिठ्ठ्या फार अल्पायुषी असतात रे. हातावरच्या घामानेही मरतात. आणि मरण्याआधी, तुकडा उघड्यावर पडला की पेशी घाबरतात आणि भलत्याच चिठ्ठ्या सोडायला लागतात. तिने काय केलं, तर सुट्टीच्या दिवशी किंवा तातडीने झालेल्या, म्हणजे विद्यार्थी नसतानाच्या, शस्त्रक्रियांचे तुकडे तेवढे वेगळे काढले. त्यांत ते जनुक गप्प होतं. विद्यार्थी हजर, की आवाज चढलेला. निरोगी पट्टी नेहमी लगेच नळीत जायची आणि मोती कौतुक संपेपर्यंत बाहेर. इतका सुंदर सापडलेला आवाज आजाराचा नव्हताच. तो खोळंब्याचा होता.

हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. छापून आलं असतं, टाळ्या पडल्या असत्या. तिने बैठक बोलावली, उभी राहिली आणि म्हणाली, "मी सांगितलेलं चूक आहे. का, ते दाखवते." सर म्हणाले, "अहो, पण लेख गेलाय!" ती म्हणाली, "परत मागवलाय, सर. सकाळीच." दोष तिने सरांवर घातला नाही. "तुकडा किती वेळ बाहेर राहतो, हे मी विचारायला हवं होतं," असंच म्हणाली. मला वाटलं, सर भडकणार. सर खाली बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी माझ्या तोंडाने तुमचा शोध बिघडवला." तिने सांगितलं, "नाही सर, तुम्ही शिकवत होता. पण इथून पुढे तुकडा आधी नळीत."

मी मागच्या रांगेत बसले होते. निवृत्त बाईला बैठकीत काय काम, तर काही नाही. डबा द्यायला गेले होते. परत येताना मी रिक्षा केली नाही, चालत आले. मला थोडं चालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "आई, सरांच्या चिमट्यातून तुकडा हिसकावू शकेल असं इस्पितळात कुणी आहे?" मी म्हटलं, "आता नाही. मी होते." ती म्हणाली, "मग परत याल?"

म्हणून मी पुन्हा जाते. तू मित्राकडून ऐकलं असशील की म्हातारी घरी बसवत नाही म्हणून इस्पितळात लुडबुडते. लुडबुडत नाही. कामावर आहे. पहिल्याच दिवशी सरांनी मोती उचलला, "या, या, पुढे..." म्हणेपर्यंत मी नळी पुढे केली. "आधी नळी, मग कौतुक, सर." नवी सिस्टर श्वास रोखून बघत होती. सरांनी तुकडा टाकला आणि म्हणाले, "सिस्टर, निवृत्ती तुम्हाला मानवली नाही." आता ते विद्यार्थ्यांना मोती पडद्यावर दाखवतात, कानात असतानाच. गुरूंची गोष्ट मात्र सांगतात.

आणि ती खाली सगळं पहिल्यापासून पुन्हा मोजते आहे. अर्धवट सोडलेलं नाही.

तारीख धरते आहे. नको असेल तर तसं लिही. पत्रात लिही, पानभर कारणं दे.

आई


९ मार्च

चिरंजीव,

पानभर कारणं आली नाहीत, कानाच्या स्कॅनचा फोटो आला. चांगलं केलंस. सरांनी पडद्यावर लावून पाहिला. तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं हाड एका जागी विरलेल्या कापडासारखं झालंय, चेहऱ्याच्या नसेजवळही पातळ आहे. सर म्हणाले, "नळोबाने उशीर केला, पण फार नाही. लवकर आणा." तारीख एकतीस मार्च मिळाली आहे. आदल्या दिवशी भरती.

आता एक गोष्ट सांगते, कारण लपवली तर तुला दुसरीकडून कळेल आणि मग तू त्याचा अर्थ काढशील. अर्थ काढण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

फोटोवर तुझं नाव होतं. आमच्या नव्या सिस्टरने सरळ मनाने तिला सांगितलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी दुधी किसत होते. तिने दुसरी किसणी घेतली आणि समोर बसली.

"कधीपासून वाहतोय?" तिने विचारलं.

"तो सांगत नाही. डाग जुने आहेत."

"तोल?"

"गेलाय. जिन्यात बसला होता."

तिचा हात थांबला. मग परत किसायला लागली. मी म्हटलं, "किसणीला बोट लागेल."

"आई, त्याला कोणी विचारायचं नाही. तुकड्यासाठी. माझ्या लोकांपैकी कुणी नाही आणि तुम्हीही नाही."

"मी कशाला विचारू?"

"तुम्ही विचाराल," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल, त्याने दिलं तर आमच्यातलं मिटेल. तसं नका करू. तो शस्त्रक्रियेला येतोय, एवढंच पुरे आहे. आणि त्या दिवशी मी खालीच थांबेन. त्याला मला बघून परत जावंसं वाटायला नको."

मी या बाईला घरात रोज बघते. ती तव्यावर जास्त वेळ पोळी ठेवते, ओले टॉवेल खुर्चीवर टाकते आणि मला तिचे मोजे पलंगाखाली सापडतात. तरी सांगते, त्या क्षणी मला तिच्यासमोर माझी पाठ सरळ करून बसावंसं वाटलं.

दुधी फार किसला गेला. दोन दिवस खाल्ला.

केस आधी धुऊन ये. नंतर बरेच दिवस पाणी लागू द्यायचं नाही. जुने कागद आण. सर्दी झाली तर खरी सर्दी आहे का ते बघ.

आई


१७ मार्च

चिरंजीव,

पहिल्यांदाच तुझं पत्र आलं, तेही दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. अक्षर सुधारलेलं नाही.

तू विचारलंस, "ती माझा तुकडा मागत नाही, हे खरं की तुम्ही दोघींनी ठरवलेलं नाटक?" मला नाटक येत असतं तर मी इस्पितळात काढलं असतं का आयुष्य? खरं आहे. ती मागत नाही. मागणारही नाही.

मग तू विचारलंस, "आणि मी दिला तर?"

हे वाचून मी चष्मा पुसला. पण तुला उत्तर मी सिस्टर म्हणून देते, आई म्हणून नाही.

दिलास तर तो तुझा निर्णय. संमतीचा फॉर्म प्रयोगशाळेच्या लोकांकडून घेऊ नकोस. सरांच्या कारकुनाकडे मिळेल. पूर्ण वाच, ज्या ओळी बारीक आहेत त्या दोनदा. न दिल्याने तुझ्या शस्त्रक्रियेत काहीही फरक पडत नाही. आधी तपासणीपुरता हिस्सा बाजूला निघतो, तो औषधाच्या बाटलीत जातो. उरलं तरच नळीत. उरलं नाही तर नाही. नळीवर नाव नसतं, आकडा असतो. आणि कुणाला खूश करायला देत असशील, तर देऊ नकोस. ती खूश होणार नाही. तिला खोळंब्याचा आवाज लगेच ओळखता येतो.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तिला दाखवलेलं नाही. दाखवायचं असेल तर तू स्वतः बोल. मी पोस्टमन नाही.

आई


२ एप्रिल, खोलीतल्या खुर्चीवरून

नळोबा,

तुझ्या डोक्याला एवढं मोठं बँडेज आहे की तू फेटा बांधून वरातीला निघाल्यासारखा दिसतोस. दुसऱ्या कानाने तुला ऐकू येतं, पण सकाळी तू म्हणालास, "काय काय झालं ते लिहून दे. तोंडी सांगताना तू निम्मं गाळतेस." ठीक आहे. तू झोपला आहेस तोवर लिहिते. काही गाळत नाही.

भरतीच्या दिवशी तू फॉर्म वाचायला घेतलास आणि सरांचा कारकून कंटाळला, तरी तू वाचतच होतास. एक शंका विचारलीस, "या तुकड्याची मोजणी कोण करणार?" त्याला माहीत नव्हतं. त्याने खाली फोन लावला. खालून उत्तर आलं, या तारखेचे जे काही तुकडे येतील ते दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याकडे जाणार आहेत. तसं तिने आठवड्याभरापूर्वीच लिहून ठेवलं होतं. तू देणार की नाही हे तिला माहीत नव्हतं. तिने फक्त स्वतःला बाजूला केलं होतं. तू फॉर्मचं पहिलं पान पुन्हा वाचलंस. मग सही केलीस. मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तुला आत नेलं. सरांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही बाहेर थांबता का?" मी म्हटलं, "नळी कोण धरणार?" ते म्हणाले, "हात थरथरणार नाही?" मी हात पुढे करून दाखवला. तेव्हा नव्हता थरथरत.

कानामागची पट्टी निघाली, नळीत गेली. आत जुन्या खुणा सगळ्या पुसलेल्या. सर त्यांचा नेहमीचा गप्पिष्टपणा सोडून गप्प झाले, म्हणजे काम अवघड आहे. चेहऱ्याच्या नसेपाशी पोचल्यावर त्यांनी संगीत बंद करायला सांगितलं. मग मोती निघाला. अख्खा. मी इतक्या वर्षांत इतका अख्खा पाहिला नव्हता. विद्यार्थी होते. सरांनी चिमटा उचललासुद्धा, सवयीने. मग माझ्याकडे पाहिलं. तपासणीचा हिस्सा कापून बाटलीत टाकला, उरलेला नळीत. कौतुक केलंच नाही. मीच म्हटलं, "सर, आता करा कौतुक. झाकण लागलंय." ते म्हणाले, "सिस्टर, आता हाड बंद करू. कौतुक तो हसला की."

तोल सांभाळणाऱ्या नळीवरची कातडी त्यांनी श्वास धरून सोलली आणि त्या जागेवर लगेच झाकण घातलं. ते मी बघितलं नाही. मी नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवत होते. हे खरं कारण आहे आणि खोटंही.

तुला जाग यायला लागली तेव्हा सर तुझ्यावर वाकले आणि म्हणाले, "नळोबा, हस. दात दाखव." चेहऱ्याची नस शाबूत आहे का ते असंच बघतात. तू डोळेही न उघडता हसलास. दोन्ही बाजूंनी. सरांनी मास्क खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं. नव्या सिस्टरला वाटलं सर्दी आहे.

मी पेटी घेऊन दाराशी आले. दाराबाहेर दुसऱ्या संस्थेतला तो सहकारी उभा होता, ठरल्याप्रमाणे. मी त्याला पेटी दिली. त्याने आकडा बघितला, बर्फ बघितला, सही केली, गेला. त्याच्या मागे, जिन्याच्या पायरीवर, ती होती. खाली थांबणार होती ती. मी विचारलं, "तू वर कशी?"

तुला माहीत आहे, इस्पितळात ती मला 'सिस्टर' म्हणते. कधी चुकत नाही. मला त्याचा अभिमान आहे.

"आई," ती म्हणाली, "हसला का?"

"हसला. दोन्ही बाजूंनी."

ती पायरीवर बसली. पेटी तिच्याजवळून गेली होती, तिच्या हातापासून वीतभर अंतरावरून, त्यात अख्खा मोती होता, आणि तिने त्याच्याकडे मान वळवली नव्हती. हे मी पाहिलं आहे. मी साक्षीदार आहे, लागलं तर शपथेवर सांगेन.

तेवढ्यात नवी सिस्टर तुझ्या सामानाची पिशवी घेऊन आली. रुग्णाचं सामान जवळच्या नातेवाइकाला देतात आणि जवळचं कोण ते रुग्ण भरतीच्या वेळी स्वतः लिहितो. मी हात पुढे केला. नवी सिस्टर कागद बघून म्हणाली, "तुम्ही नाही, सिस्टर. यांना द्यायचंय."

मी हात मागे घेतला. उठल्यावर तू तिच्याशी काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दाम तुझ्या बँडेजच्या बाजूला बसले होते, तुझं तोंड पलीकडे तिच्याकडे होतं. ती आता खाली चहा आणायला गेली आहे.

नोंदींची नक्कल तुझ्या फायलीसाठी जोडते. मूळ कागद इस्पितळात राहतात.

नोंद पहिली. बर्फाची पेटी. आत दोन नळ्या, एकाच आकड्याच्या. एकीत मधल्या कानातला तुकडा, दुसरीत त्याच कानामागची निरोगी कातडी. तुकडा निघताच नळीत, मध्ये खोळंबा नाही. झाकणं घट्ट. देणार: निवृत्त सिस्टर. घेणार: दुसऱ्या संस्थेतील सहकारी.

नोंद दुसरी. रुग्णाचं सामान. चष्मा. मनगटी घड्याळ, बंद पडलेलं. किल्ल्यांचा जुडगा, त्यात आपल्या घराची किल्ली. एक घडी घातलेलं पत्र, पोस्टात न टाकलेलं. देणार: नवी सिस्टर. घेणाऱ्याची सही आहे. नातं या रकान्यात, तुझ्या अक्षरात: पत्नी.